‘आलो’ म्हटल्याशिवाय

मंडळात नव्याने दाखल झालेले कप्तान तिचं आडनाव फळे आहे असंच धरून चालत. जुने तिला फळेवहिनी म्हणत, नव्यांनी ते ऐकलं, आणि एकाने तर वार्षिक सभेच्या निमंत्रणावर छापूनही टाकलं – सौ. फळे. ते निमंत्रण तिने घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं. म्हणजे आता मीच तेवढा परका."

या आडनावाचा उगम भिंतीवर होता. वरिष्ठ कप्तानांच्या मंडळाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. खाली दोरखंड आणि जहाजाचे रंग विकणारं दुकान, त्यामुळे जिना चढेपर्यंत काथ्याचा आणि डांबराचा वास कपड्यांत शिरायचा. वर लांबलचक टेबल, बावीस खुर्च्या, काचेच्या कपाटात चौकश्यांच्या फायली. एखादं जहाज कुठे घासलं, माल भिजला, कप्तानावर चौकशी लागली की त्याच्या बाजूने कागद वाचायला इथे तीन म्हातारे कप्तान चष्मे पुसत बसायचे. पण हॉलमध्ये शिरणाऱ्याची पहिली नजर जायची ती समोरच्या सागवानी फळ्याकडे.

फळ्यावर तीन उभे रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर कोरलं होतं ‘समुद्रावर’, दुसऱ्याच्या ‘किनाऱ्यावर’. तिसऱ्याच्या डोक्यावर काहीही कोरलेलं नव्हतं आणि ते कुणी विचारतही नसे. प्रत्येक सभासदाच्या नावाची बोटभर पितळी पट्टी, ती खाचेत सरकवायची. निघताना कप्तान येऊन म्हणायचा, "येतो." ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती. परतला की म्हणायचा, "आलो." हे ‘आलो’ फळा सांभाळणाऱ्याने ऐकलं की मगच पट्टी हलायची. जहाज बंदरात लागलं, पेपरात आलं, माणूस रस्त्यात भाजीची पिशवी घेऊन दिसला, तरी नाही.

चार महिन्यांपासून पहिल्या रकान्यात एक पट्टी होती आणि तो माणूस या जगात नव्हता. पट्टी तिच्या नवऱ्याची होती. फळा आता तीच सांभाळायची, तेव्हा ती हलवण्याचा अधिकारही फक्त तिचा. मंडळातल्या साठ-सत्तर माणसांना हे दिसत होतं आणि सगळे मूग गिळून चहा पीत होते.

आता मात्र गप्प राहून भागणार नव्हतं. शनिवारी वार्षिक सभा होती. सभेत फळा वाचायचा असे. अध्यक्ष एकेक नाव पुकारत. किनाऱ्यावरचे स्वतः उठून ‘हजर’ म्हणत. जे समुद्रावर, त्यांच्या वतीने फळा सांभाळणारीने उत्तर द्यायचं: "समुद्रावर." म्हणजे शनिवारी चार वाजता, भरल्या हॉलमध्ये, नवऱ्याचं नाव पुकारलं गेल्यावर तिला उभं राहून ‘समुद्रावर’ म्हणावं लागणार होतं. नाहीतर त्याआधी पट्टी हलवावी लागणार होती.

तिला दोन्हीचं काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, हे तिला कळत होतं.

लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची, भूगोल घेऊन बी.ए. झालेली. भूगोलाचा संसारात एवढाच उपयोग झाला की नवऱ्याचं पत्र कुठल्या बंदरातून आलं ते नकाशात शोधावं लागलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली किती एकत्र गेली याचा हिशोब तिने एकदा कॅलेंडरं समोर ठेवून मांडायला घेतला होता, आणि सातव्या वर्षापर्यंत येऊन कॅलेंडरं पुन्हा माळ्यावर टाकली होती.

नवरा कुठे आहे हे विचारायला ती मंडळात यायची. तेव्हा फळा एक निवृत्त रेडिओवाले आजोबा सांभाळत. त्यांना दिसेनासं झालं तशा पट्ट्या चुकू लागल्या. एकदा त्यांनी किनाऱ्यावर बसून भजन ऐकणाऱ्या माणसाला तीन आठवडे समुद्रावर ठेवलं. मग तेच म्हणाले, "पोरी, तू येतेसच रोज. तुझे डोळे शाबूत आहेत. घे हे फडकं." त्याला सतरा वर्षं झाली.

फळा हाती आल्यावर पहिल्याच खेपेला नवरा परतला, आणि जिन्यातूनच ओरडला, "आलो गं!" खाली टॅक्सी उभी होती, घरी त्याची आई, बहिणी आणि चार वर्षांची लेक दाराला डोळे लावून बसल्या होत्या. ती फळ्याशी उभी होती. तिला ठाऊक होतं, घरी गेलं की सासूबाई त्याला जवळ बसवून घेतील, बहिणी पेट्या उघडतील, लेक गळ्यातून उतरणार नाही आणि हिच्या वाट्याला तो दुसऱ्या दिवशी दुपारी येईल, तोही घोरत.

"असं नाही चालत," ती वरून म्हणाली. "नियम आहे. समोर येऊन म्हणायचं."

"कुणी केला हा नियम?"

"मंडळाचा आहे. पहिल्यापासूनचा."

तो धापा टाकत वर आला. तिच्यासमोर, हातभर अंतरावर उभा राहिला. टोपी काढली आणि म्हणाला, "आलो." दहा मिनिटं हॉलमध्ये दोघंच होती. शिपाईमामा चहा आणायला गेले होते आणि शहाणे असल्यामुळे लवकर परतले नाहीत.

त्याला तो नियम खरा वाटला की त्याने वाटल्याचं दाखवलं, हे तिला कधीच कळलं नाही. पण त्याने तो मंडळभर पसरवला. "वहिनींसमोर जाऊन उभं राहायचं हां, फोनबिन चालत नाही." कप्तान मंडळी शिस्तीला भुकेलेली. बघता बघता सगळे समोर येऊन उभे राहू लागले. टोपी काढणंही त्यातच आलं. त्याची पट्टी पुढे एकवीस वेळा गेली आणि वीस वेळा आली.

एकविसावी खेप शेवटची होती. निघताना तो म्हणाला होता, "या वेळी आलो की संपलं. पट्टी गंजू दे तिथेच."

"पितळ गंजत नाही. काळं पडतं."

"मग काळी पडू दे. पुसायची नाहीस, सांगून ठेवतो."

परतायच्या दिवशी जहाज बाहेर नांगरलं होतं. नव्या कप्तानाला चार्ज देऊन, लॉगबुकात सही करून तो लाँचने किनाऱ्याला यायला निघाला. ती दहापासून हॉलमध्ये होती. पट्टी पुसून झाली होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी मोबाइल वाजला. त्याचा मेसेज होता, एकच शब्द: ‘आलो.’

तिने लगेच लिहिलं, ‘असं नाही चालत. समोर येऊन म्हणा.’ पुढे एक दात काढणारा पिवळा चेहराही टाकला.

पावणेबाराला मंडळाचा फोन वाजला. अध्यक्षांनी तिला गाडीत घालून धक्क्यावर नेलं. लाँच ऑफिसच्या बाकावर तो झोपवलेला होता. लाँचवाला सांगत होता, बंधारा दिसायला लागला आणि साहेबांनी मान टेकली, मला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर कागदावर वेळ लिहीत होते. तिला एवढंच दिसलं, की त्याच्या उजव्या बुटाची नाडी सुटली आहे. ती खाली बसली आणि तिने ती बांधली. दुहेरी गाठ मारली.

तेव्हापासून तिला काही लागत नव्हतं. चहा गरम लागत नव्हता, पाणी गार लागत नव्हतं, जिन्याचा काठ पोटरीला लागला तर घरी गेल्यावर निळा डाग बघून कळायचं. भेटायला आलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि तिच्याकडे बघून पदर खाली घ्यायच्या. ती सगळ्यांना पाणी द्यायची, पेले मोजून परत न्यायची. दर गुरुवारी मंडळात यायची. बाकीच्या पट्ट्या बिनचूक हलवायची.

सभेच्या आधीच्या गुरुवारी कार्यकारिणी बसली. म्हणजे अध्यक्ष, ज्यांना त्यांच्या आवाजामुळे सगळे पाठीमागे भोंगा म्हणत, आणि होकायंत्रकाका. काका शहाऐंशी वर्षांचे. त्यांना कुठेही ठेवा, कसेही फिरवा, ते नियमाकडेच तोंड करून थांबत, म्हणून होकायंत्र. आणखी दोघे होते, पण ते मान हलवण्यापुरते. ती टेबलाच्या टोकाशी वही घेऊन बसली होती.

"शनिवारी नाव पुकारावं लागणार," अध्यक्ष म्हणाले. हळू बोलायचा प्रयत्न करूनही काचेचं कपाट थरथरलं. "आणि वहिनींना ‘समुद्रावर’ म्हणावं लागणार. ते मला बघवणार नाही."

"ऐकवणार नाही," काकांनी दुरुस्ती केली.

"ऐकवणार नाही. तर पट्टी तिसऱ्या रकान्यात घेऊ या आणि मोकळे होऊ या."

"घ्या की. मागे काय कोरायचं ते आधी सांगा."

मंडळाची रीत अशी, की पट्टी तिसऱ्या रकान्यात जायच्या आधी तिच्या पाठीवर एक अक्षर कोरायचं. समुद्रावरून गेला तर ‘स’, किनाऱ्यावरून गेला तर ‘कि’. पाठ भिंतीकडे असते. एकदा बसवलेली पट्टी पुन्हा कुणी काढत नाही. म्हणजे ते अक्षर कोणालाही, कधीही दिसायचं नव्हतं. त्याच अक्षरावर चार महिने अडलं होतं.

"चार्ज दिला होता त्याने," अध्यक्ष म्हणाले. "सव्वादहाला सही झाली. सही झाली की माणूस जहाजाचा नाही."

"जमिनीला पाय लागला होता?"

"लाँचमध्ये होता, काका."

"लाँच पाण्यात असते."

"लाँच म्हणजे काय जहाज आहे का?"

"तरंगते ना?"

"बादलीसुद्धा तरंगते!"

"मग बादलीत गेला असता तरी मी ‘स’च म्हटलं असतं," काका शांतपणे म्हणाले आणि लगेच तिच्याकडे वळले. "माफ कर, बाळ. शब्दाने शब्द वाढतो."

"असू दे, काका," ती म्हणाली.

"बंधाऱ्याच्या आत आली होती म्हणे लाँच," अध्यक्ष म्हणाले.

"आत, बाहेर, मला सांगू नका. शंभर वर्षांची परंपरा आहे. समोर येऊन ‘आलो’ म्हटल्याशिवाय माणूस किनाऱ्यावर येत नाही. माझे वडील या फळ्यासमोर टोपी काढून उभे राहिलेले आहेत. याने म्हटलं का ‘आलो’? नाही. मग तो समुद्रावर. मला आनंद होतोय असं समजू नका."

तिने पेन वहीवर आडवं ठेवलं. काकांचे वडील बहुतेक जिन्यातून ओरडून घरी गेले असणार. परंपरा सतरा वर्षांची होती आणि ती करणारी टेबलाच्या टोकाशी बसली होती. हे आता सांगायचं, तर मेसेज दाखवावा लागणार. मेसेज दाखवायचा, तर त्याच्याखालचा आपला मेसेजही दिसणार. दात काढणाऱ्या चेहऱ्यासकट.

"वहिनी, तुमचं काही म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

वहीत तिने लिहिलं, ‘स’ – बहुमत. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं. कोरणारा त्या दिवशी मिळाला नाही, तेव्हा पट्टी पुढच्या गुरुवारवर गेली आणि शनिवारचं पुकारणं काही टळलं नाही.

घरी लेक होती. चार महिने ती इथेच राहून आतल्या खोलीतून लॅपटॉपवर नोकरी करत होती. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून, आणि आई एकटी पडल्यासारखी वागतही नव्हती म्हणून.

"जेवायला ये गं."

"आले!"

तिने ताटं घेतली. आमटी वाढली. वाफ निवली.

"अगं ये ना."

"आले, आले!"

लेक आली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. खुर्ची ओढत म्हणाली, "सॉरी. एकच मेल होता."

"तू ‘आले’ म्हणतेस," आईने विचारलं, "तेव्हा असतेस कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे असतेस?"

लेकीला वाटलं, आई ओरडतेय. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे ओरडणं नव्हतं, काहीच नव्हतं. खरोखरचा प्रश्न होता. तिने घास खाली ठेवून विचार केला.

"खुर्चीतच असते," ती म्हणाली. "पण मनाने उठलेली असते. म्हणजे, येणार हे ठरलेलं असतं ना. तुला कळावं म्हणून म्हणायचं. तिथे येऊन कोण म्हणतं ‘आले’? आल्यावर दिसतंच की."

आई उठली, मोबाइल आणला आणि तिच्यापुढे ठेवला. लेकीने वाचलं. एकदा आणि पुन्हा एकदा. मग ती मोबाइल पालथा ठेवून कितीतरी वेळ पाणी पीत राहिली.

"त्यांनी वाचलं असेल का?" आईने विचारलं.

"माहीत नाही गं. बाबांनी त्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्या होत्या. वाचून उत्तर दिलं नाही की तू चिडायचीस म्हणून."

"हो," आई म्हणाली. "चिडायचे." आणि तिने लेकीला भात वाढला.

शनिवारी हॉल भरला. बावीस खुर्च्या पुरल्या नाहीत, मागे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. शिपाईमामांनी पंखे लावले आणि कागद उडाले म्हणून पुन्हा बंद केले. अध्यक्ष एकेक नाव पुकारू लागले. "हजर." "हजर." "समुद्रावर," ती म्हणायची. "हजर." एकजण हजर म्हणायच्या ऐवजी ठसकला, त्याला पाणी देण्यात आलं. "समुद्रावर." जे आले नव्हते त्यांच्यापुढे ती वहीत नेहमीचे शब्द लिहीत होती. चिठ्ठी आली असेल तर ‘गैरहजर, कळवून’. नसेल तर ‘गैरहजर, न कळवता’.

मग अध्यक्ष थांबले. चष्मा सरळ केला आणि तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. त्या आवाजाने आयुष्यात पहिल्यांदा कुजबुज केली.

ती उभी राहिली. सगळ्यांनी खाली बघितलं.

"किनाऱ्यावर," ती म्हणाली.

माना वर झाल्या. काकांनी कानामागे हात नेला. "काय म्हणाली?"

"किनाऱ्यावर, काका. त्यांनी ‘आलो’ म्हणून सांगितलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी, लाँचमधून." तिने मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला. "खालचंही वाचा."

काकांनी भिंगातून वाचलं. वरचं आणि खालचं. बराच वेळ लागला.

"बरोबर लिहिलंयस तू," ते म्हणाले. त्यांनी मोबाइल हळूच तिच्याकडे परत सरकवला, पण ते होकायंत्र होते. "समोर येऊनच म्हणायचं असतं. नियम आहे."

"नियम नाही. मी केलेला आहे."

"काय केलेला?"

"समोर यायचा नियम. मी केला, सतरा वर्षांपूर्वी. नियमावलीत नाही तो. मला..." ती थांबली. पुढचं वाक्य तिला माहीत होतं, पण ते उच्चारायला लागणारं काहीतरी हाताशी नव्हतं. "घरी गर्दी असायची," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मागे भिंतीशी एका बाईने नवऱ्याचा हात धरला.

"नियमावली आणा," काका म्हणाले.

शिपाईमामांनी कपाट उघडून लाल कापडी बांधणीचं पुस्तक आणलं. काकांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ‘थेट त्या पानावर जा’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. साठ माणसं बसून राहिली. चहा आला, त्यावर साय धरली. रस्त्यावर ट्रक मागे घेणाऱ्याचा ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा आवाज बराच वेळ येत होता. एकोणिसाव्या पानावर भिंग थांबलं.

"‘परतलेल्या सभासदाने,’" काकांनी वाचलं, "‘फळा सांभाळणाऱ्यास आलो असे कळवावे.’" त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. "एवढंच आहे. कळवावे." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे माझे वडील..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच ठेवून पुस्तक मिटलं.

"कळवलं होतं का?" त्यांनी तिला विचारलं. तिची तोंडी नोंद घेतल्यासारखं.

"हो."

"तुला कळलं होतं?"

तिने जरा विचार केला. "हो. कळलं होतं."

"मग हलव."

ती फळ्याशी गेली. चार महिन्यांत पट्टी खाचेत घट्ट बसली होती. नखाने हलेना, मग तिने वहीतल्या पेनाचं टोपण लावून ढकलली. ती सरकली, पहिला रकाना संपला, दुसरा लागला. पट्टी काळपट पडली होती. तिच्या हातात फडकं होतं. तिने पुसली नाही.

अध्यक्ष अजून उभेच होते. त्यांच्यापुढे नवीन अडचण होती. किनाऱ्यावरच्या सभासदाने स्वतः उत्तर द्यायचं असतं. "मग वहिनी," ते चाचरले, "आता... हजर कसं...?"

ती जागेवर येऊन बसली, वही ओढली आणि लिहिता लिहिताच म्हणाली, "गैरहजर. कळवून."

अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

तिसऱ्या रकान्यातला बदल फक्त गुरुवारी करायचा, हा नियम मात्र एकोणिसाव्या पानावर खरोखरच होता. काकांनी निघताना तो तिला बोट ठेवून दाखवला. म्हणजे कोरणारा ‘कि’ कोरायला पट्टी गुरुवारी नेणार. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार ती किनाऱ्यावर राहणार होती. पाच दिवस.

ती घरी आली. बोटांना पितळेचा वास येत होता. हात धुताना पाणी गार लागलं, की लागल्यासारखं वाटलं, तिला नक्की सांगता आलं नसतं. तिने ताटं घेतली.

"जेवायला ये गं."

"आले!" आतून लेक ओरडली.

"बरं," ती म्हणाली, आणि बसून राहिली.